स्टेलाच्या भुवया

स्टेला गेली तेव्हा तिला भुवया नव्हत्या. किमोने आधी डोक्यावरचे केस नेले, मग पापण्या, मग भुवया. आजारपणात तिने कुणाला फोटो म्हणून काढू दिला नाही. फक्त नातवाच्या बाप्तिस्म्याला डोक्याला स्कार्फ बांधून ती जराशी हसली, आणि तेवढ्यात आयव्हीने, तिच्या मुलीने, मोबाइल उचलला. कबरीच्या दगडावर फोटोची टाइल बसवायची होती, त्यासाठी हाच एक फोटो धड होता. लग्नाचा अल्बम बाळकुमचं जुनं घर पाडून टॉवर झाला त्या धांदलीत गहाळ झालेला. बाकीच्या फोटोंत स्टेला कायम मागच्या रांगेत, नाहीतर कुणाच्या तरी खांद्याआड.

आयव्हीने ॲपमध्ये बोट फिरवून आई तयार केली. गाल भरले, कातडी गुळगुळीत झाली, ओठांवर लाली आली.

स्टेलाच्या नवऱ्याने, लिनोने, मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "ही कोण?"

"मम्मीच आहे, पप्पा. आजार तेवढा काढलाय."

"आजाराबरोबर तीपण गेली की."

आयव्ही चिडली नाही. तिने मूळ फोटो त्याच्या मोबाइलवर टाकला, ॲप उघडून दिलं. "मग तुम्हीच करा. ब्रश बारीक घ्या, जोर कमी ठेवा. आणि मधेमधे फोटो लहान करून लांबून बघा, नाहीतर जास्त होतं."

लिनोचं सगळं आयुष्य माजिवड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्यात गेलं होतं. कमी जोर म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही. डोळ्यांखालचा काळेपणा त्याने निम्माच उतरवला. कपाळावरच्या आठ्या तशाच ठेवल्या, हनुवटीवरचा तीळही. गाल जरासे वर आणले. हळूहळू बाई ओळखीची दिसायला लागली. मग तो भुवयांवर आला आणि त्याचं बोट थांबलं.

सरळ होत्या की कमानदार? दाट की विरळ? डोळे मिटले तर स्टेला चालताना दिसे, भाकरी थापताना दिसे, रागाने भांडी आपटताना दिसे. भुवया दिसेनात. दुसऱ्याने रंगवलेल्या भिंतीची शेड तो रस्त्यातून ओळखायचा, आणि बायकोचा चेहरा त्याला आठवत नव्हता. तो बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून रडला.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर स्टेलाचा थोरला भाऊ ऑलिव्हर उत्तनहून आला. लिनोने लाज सोडून विचारलं.

"सरळच होत्या," ऑलिव्हर म्हणाला. "आणि डावीत खाच. लहानपणी होडीच्या काठावर आपटलेली ना. तिथं परत केस आलाच नाही."

"खाच? मी कधी नाही बघितली."

"कशी बघशील? रोज पेन्सिलने भरायची ती." ऑलिव्हर जरा घुटमळला. "सोयरीक जमली तेव्हा तुझी आई बोललेली, पोर चांगली आहे पण तोंडावर खोट आहे. तिने ऐकलेलं."

 लिनोची आई जाऊन वीस वर्षं होत आली होती. ती गेल्यावरही स्टेला रोज तो उठायच्या आत आरशापुढे उभी राहत असणार, हे त्याच्या आत कुठेतरी रुतून बसलं.

त्याने दोन फोटो केले. एकात डाव्या भुवईत खाच, एकात अखंड भुवई. खाच असलेल्या फोटोकडे तो बराच वेळ बघत राहिला. ती मुलगी ऑलिव्हरच्या ओळखीची होती, त्याच्या नाही.

"टाइलवाला थांबलाय, पप्पा," आयव्ही म्हणाली. "कुठला पाठवू?"

"भरलेला पाठव."

"मामा म्हणतो मम्मी खरी अशी नव्हती."

"तिने जन्मभर झाकलं, ते मी गावापुढे उघडं करू? तिला विचारायचं होतं, तेव्हा विचारलं नाही."

टाइल बसली. कबरस्तानात नातेवाईक जमले, मेणबत्त्या लावल्या. स्टेला अगदी जशीच्या तशी आली आहे, असं जो तो म्हणाला. ऑलिव्हर एकटा गप्प राहिला. लिनोने मान हलवली आणि घरी येऊन तिचं कपाट उघडलं. पेन्सिल कुठे सापडली नाही. आयव्हीने औषधांबरोबर तीही फेकून दिली होती.