उघड्या डोळ्यांची प्रार्थना

सगुणामावशी गेल्याचा निरोप साताऱ्याला माझ्या सासरी आला, त्याला आता महिना होत आला. "झोपेतच गेल्या," निरोप्या म्हणाला. माझा विश्वासच बसेना. ही बाई गुपचूप काही करील हे शक्यच नव्हतं! ती नुसती कुजबुजली तरी शेजारची म्हैस पान्हा चोरायची...

सांगलीजवळच्या आमच्या गावात मावशी चर्चची बायबलबाई होती. घरोघर जाऊन वचनं वाचून दाखवायची आणि वाचता वाचता कुणाच्या चुलीवर काय शिजतंय तेही बघून घ्यायची. रक्ताचं नातं कुणाशीच नाही, पण हक्क सगळ्यांवर.

माझा थोरला भाऊ योना अंगानं पैलवान, समजेनं चार वर्षांचा. मनात आलं की घराबाहेर पडून चालू लागायचा, आणि सापडेपर्यंत आईच्या जिवात जीव नसायचा. त्याच्यापायी तिचं चर्चला जाणं सुटलं. मंडळी घरी यायची, हळहळायची, चहा पिऊन जायची. त्या हळहळीचा मला असा संताप यायचा म्हणता!

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. आई चर्चला येत नाही तर चर्चच तिच्या घरी न्यायचं, असं मावशीनं ठरवलं. एका रविवारी दुपारी सगळी मंडळी आमच्या सोप्यात गुडघे टेकून बसली, मधोमध योना. पाळकसाहेबांनी त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली. ती जगाच्या उत्पत्तीपासून निघाली आणि आमच्या गावापर्यंत काही पोचेना. सगळ्यांनी भक्तिभावानं डोळे घट्ट मिटलेले. "आमेन" म्हणून उघडले तर योना गायब! ज्याच्यासाठी प्रार्थना तोच उठून चालता झालेला, आणि एवढ्या माणसांत एकालाही पत्ता नाही.

मग काय, नुसती पळापळ. पाळकसाहेब धोतर सावरत उसात, बायका ओढ्याकडं. आई दारातच बसून राहिली. शेवटी तो पलीकडच्या गुऱ्हाळावर सापडला. तोंडभर काकवी, आणि गुळव्याशी निवांत गप्पा चाललेल्या.

वडील लष्करातून पेन्शनीवर परतलेले. योनाला घरी आणल्याबरोबर त्यांनी हुकूम सोडला, "बास झालं. उद्याच ह्याला पुन्याला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घालतो."

आई पांढरीफटक पडली. घरचा मामला म्हणून मंडळी आपापल्या चपला शोधायला लागली. तेवढ्यात मावशी कडाडली, "आवं दाजी, डोळं मिटलं आमी, आन् शिक्षा त्याला व्हय? त्यो न्हाई कुटं जायचा! आजपासनं परतेक प्रार्थनेला एकानं डोळं उघडं ठिवायचं, पाळीपाळीनं. आन् हिला बाजाराला जायचं आसंल तवा बी कुनीतरी घरी येऊन बसायचं."

पाळकसाहेब चाचरले, "पण सगुणाबाई, प्रार्थनेत डोळे उघडे..."

"मग? देव काय डोळं मिटून बसलाय व्हय?"

"म्हैनाभर बगू," एवढंच वडील म्हणाले. त्यांनी हुकूम मागं घेतलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

त्या महिन्याची वर्षं झाली. पाळी आलेल्याला भलतंच काही दिसायचं. चर्चचे पंच डुलक्या घेतायत, पाळकसाहेब हळूच घड्याळ बघतायत, आणि खुद्द मावशी पदराआड मशेरी लावतेय! सगळं गावभर व्हायचं. पाळकसाहेबांच्या प्रार्थना मात्र चांगल्याच आखूड झाल्या. योना आता चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायचा आणि त्याच्या शेजारी आई गायची. सूर कधीच लागला नाही तिचा, पण मला रडू यायचं. ती गाते हेच मी विसरून गेले होते.

मावशीच्या मातीला सगळा गाव लोटला. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना सुरू केली आणि ती पुन्हा पहिल्यासारखी लांबली. कुणाची पाळी होती कोण जाणे... सगळेच डोळे मिटून रडत होते, मीसुद्धा. मधेच आठवलं. योना! घाईनं डोळे उघडले. तो शवपेटीच्या उशाशी उभा होता, जागचा हलला नव्हता, मावशीच्या चेहऱ्यावरून नजर हटवत नव्हता.

"आमेन" झालं तसा तो आईजवळ आला आणि तिला समजावीत म्हणाला, "रडू नगं. मी बगत हुतो. मावशी कुटं गेली न्हाई."