निरोगी म्हणून दिलेली बाटली

मलेरियाच्या रोग्याच्या लघवीत एखादं वेगळं द्रव्य उतरतं का, हे आमची लॅब शोधत होती. सापडलं असतं तर बोट न टोचता, नुसत्या लघवीवरून निदान झालं असतं. नमुने गोळा करायला मला गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावी धाडलं. मी चंद्रपूरची, तोंडाळ, आणि लाजणाऱ्या बायकांकडून बाटली भरून घ्यायला तोंडाळच माणूस लागतं.

"आमचं मूत नेऊन काय करून राह्यल्या बाई? वांग्याले टाकता का?" जिच्या घरी मी उतरले होते, ती हसत विचारायची. लग्नाला किती तरी वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. सासू तिला हंडाही उचलू देत नव्हती.

घरात मच्छरदाणी एकच. ती तिनं माझ्या खाटेवर बांधली, मी सोडली. "मले काही होत नाई, ठणठणीत आहे मी. पोटुशी तुम्ही, तुम्हीच घ्या!" पण पाहुणी उघडी निजते अन् आपण मच्छरदाणीत, हे तिला कसं चालणार? मी घेईना म्हणून तीही घेईना. माझा मुक्काम संपेपर्यंत दोघींच्या खाटा शेजारी-शेजारी, उघड्याच.

तुलनेसाठी निरोगी माणसांची लघवीही लागायची. एक बाटली कमी पडली, तेव्हा मी माझीच भरून दिली.

लॅबमध्ये ती बाटली निरोग्यांत बसेना, तापवाल्यांशी जुळायला लागली. "अदलाबदल केली तुम्ही लोकांनी!" म्हणून मी भांडले. लॅबच्या साहेबांनी माझं रक्त तपासलं. काचेवर मलेरियाचे जंतू दिसले. आमच्या भागात असं होतं म्हणे. जंतू अंगात मुरलेले असतात, ताप येत नाही, आणि आपल्याला चावलेला डास ते दुसऱ्याला देतो. साहेब तर खूश झाले, न दिसणारा रोगीही यात सापडतो म्हणाले. मला मात्र शेजारची तिची उघडी खाट आठवली.

औषध सुरू केलं आणि गावाची एसटी धरली. पण उशीर झाला होता. तिला हिवताप भरला होता आणि दवाखान्यात नेईपर्यंत पोटातलं मूल गेलं होतं. जंगलात डास काय कमी आहेत, कुणाकडूनही आला असेल, असं सगळे मला सांगतात. असेलही. माझी समजूत आजही पटत नाही.

ती ओसरीत बसली होती, पार वाळलेली. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. "माझ्या अंगात होता बाई, अन् मी तुमच्या बाजूला निजले. माझ्यामुळंच झालं असेल." तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती घाबरून उठली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली.

"मंग गोळ्या घेतल्या का नाई तुम्ही?"

"घेऊन राह्यली."

"पुऱ्या घ्या बाई, मंधात सोडू नका. तुमाले अजून लेकरू व्हाचं हाये."