खंडेनवमीची पूजा

कराडच्या नेमबाजी केंद्रात आमच्यासोबत तासगावची एक पन्नाशीची बाई शिकायला यायची. नवरा गेल्यावर बेदाण्याचा व्यापार तिच्याकडे आला, पाठोपाठ धमक्याही आल्या. म्हणून परवाना काढून तिने पर्समध्ये मावेल असं छोटं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं.

सुरुवातीला ती पदर खोचायची, डोळे गच्च मिटायची आणि गोळी सुटली की मटकन खाली बसायची. तिची पाळी आली की मी मागच्या भिंतीला चिकटून उभा राहायचो. हळूहळू तिचा हात स्थिर झाला.

"आता न्हाई भ्या वाटत, भाऊ," ती एकदा हसून म्हणाली. मला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली.

दसऱ्यानंतर ती आली तेव्हा रिव्हॉल्व्हरला हळदकुंकू लागलेलं होतं. शिकवणाऱ्या निवृत्त फौजींनी ते उघडलं. आत सगळ्या गोळ्या होत्या.

"आवं ताई, भरलेल्याचीच पूजा केलीसा?"

ती पांढरीफटक पडली. "खंडेनवमीला पाटावर ठेवलं हुतं. घरातल्या समद्यांनी वाकून डोकं टेकलं... नळीम्होरं."

फौजींनी गोळ्या काढून ते तिच्यापुढे धरलं. घेताना तिचा हात पहिल्या दिवसासारखा थरथरत होता.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच भिंत सोडून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.