गाऱ्हाणं नक्की कुणापुढे?

गेल्या रविवारी आमच्या वाडीत, हातखंब्याच्या पुढे, शिमग्याची मीटिंग होती, देवीची पालखी घरोघर कशी फिरवायची ते ठरवायला. भर दुपार, देवळाचं अंगण, सगळी ओळखीची माणसं... आणि मी चक्क घाबरले.

मी रत्नागिरीत कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते. राज्यं कशी बिघडत जातात, ते प्राचीन ग्रीकांनी सांगून ठेवलंय. आधी शहाण्यांचं राज्य, मग मानासाठी भांडणाऱ्यांचं, मग पैसेवाल्यांचं, मग सगळ्यांचं... आणि त्या गोंधळाला कंटाळून लोक आपणहून एकाच्या हाती सगळं देतात. मी दरवर्षी शिकवते, मुलं दरवर्षी जांभया देतात.

आमच्या वाडीत निवाडा करणारे जुने जाणते गावकर गेले, मग मानकऱ्यांची भांडणं झाली, मग देणगीवाल्या मुंबईकरांचा जोर झाला. शेवटी घरटी एक मत आलं, त्यावरून इतकी वादावादी की यंदा सगळे म्हणाले, विलासच ठरवू दे. विलास म्हणजे कुणाच्याही अडीअडचणीला गाडी काढणारा माणूस... खरं सांगते, मलाही बरंच वाटलं.

फक्त शेजारची सुनंदाकाकी उठली. "आनि तुजा चुकला तर आमी कोनाला इचारायचा?"

विलास नुसता हसला. नारळ हातात घेऊन त्याने सगळ्यांच्या वतीने देवीला घालायचं गाऱ्हाणं सुरू केलं... लेकराबाळांना सुखी ठेव. आम्ही सगळे म्हणालो, "होय महाराजा!" मुंबईकरांना सुखरूप आण. "होय महाराजा!" मग त्याच सुरात, "जो कोन या कारभाराच्या आड येल, त्याच्या दारात पालखी जानार नाय!"

"होय महाराजा!"

त्यात माझाही आवाज होता. लहानपणापासूनची सवय, निघून गेला तोंडातून... काकीच्या नवऱ्याने जन्मभर त्याच पालखीला खांदा दिला होता.

आणि तेव्हा लक्षात आलं. गाऱ्हाणं देवीकडे तोंड करून घालतात... विलासची पाठ देवळाकडे होती. तो आमच्याकडे बघत होता.

कुणालाच ते खटकलं नव्हतं. सगळे कसे शांत, समाधानी दिसत होते. मला भीती वाटली ती त्या समाधानाचीच.

काकी घराकडे निघाली. मीही उठून तिच्यामागे गेले... वळून बघायची हिंमत झाली नाही. मागून पुन्हा एकदा "होय महाराजा" आलं. या वेळी कशाला हो म्हणाले, ते ऐकू आलं नाही.

काकी, तू विचारलंस म्हणून मला माझा आवाज ऐकू आला गं... शिमग्याला मी तुझ्याच दारात असेन. पालखी येवो, न येवो.