सुपडूचं मुकेपण
माकडाला चांगलं बोलता येतं, पण बोललं की माणसं वेठीला धरतील म्हणून मेलं गप्प बसतं, असं बहादरपूरची सोजरबाई लेकाला सांगायची. सुपडूनं ते मनावर घेतलं. गोऱ्या साहेबाच्या तंबूचं सामान फुकट वाहायला माणसं धरत शिपाई गावात आला, तेव्हा सुपडू ठार मुका झाला.

"गूंगा है? अच्छा है, कुरकुर तो नहीं करेगा," म्हणत शिपायानं सगळ्यात जड पेटी त्याच्याच डोक्यावर चढवली.

पुढे दरसाल पहिला तोच धरला जाई. वाटेतल्या नदीच्या राजघाटावरच्या पिंपळावरून माकडं खाली बघत. ती वाचली होती झाडामुळे, एवढं सुपडूला कळलं. पण बोलला असता, तर सोंग केलं म्हणून चाबूक होताच.