शिरीषचं व्रत

माझा नवरा शिरीष तसा अगदी साधा माणूस. ॲमस्टरडॅमजवळच्या डीमनमधल्या आमच्या फ्लॅटमधून सायकल दामटत स्टेशन गाठायचं, दिवसभर सोलर पंपांचे कंट्रोलर बनवायचे, संध्याकाळी घरी येऊन माझ्या भाजीला नावं ठेवायची. एक मात्र होतं, आंघोळीशिवाय चहा नाही. "शॉवरखाली नुसतं भिजणं होतं," म्हणत त्यानं बादली आणि मगसुद्धा पुण्याहून आणले होते. मुलगी बाहेरून दार बडवत असायची आणि आत साहेबांचं अभ्यंगस्नान चालायचं.

२०२० च्या फेब्रुवारीत एका स्वयंसेवी संस्थेतर्फे तो ऑफिसातल्या दोघांबरोबर केनियाला गेला. तिथल्या एका कोरड्या खेड्यात बोअरवेल खणून तयार होती, तिच्यावर पंप बसवायचा होता. दोघं शाळेत उतरले, शिरीषची सोय मुएनी नावाच्या विधवा बाईकडे झाली. घरात एकच खोली. ती तिनं पाहुण्याला दिली आणि स्वतः दोन मुलींना घेऊन स्वयंपाकाच्या छपरात झोपायला गेली. वर रोज सकाळी चटईच्या आडोशाला बादलीभर ऊन पाणी.

"काय बडदास्त आहे माझी!" तो फोनवर म्हणायचा.

"मग राहा तिथंच," मी म्हणायची.

एकदा त्याला लवकर जाग आली. बघतो तर मुएनी पाठीवर पाण्याचा कॅन बांधून टेकडी चढत होती. कोरड्या नदीत खड्डा करून, पाणी झिरपायची वाट बघत बसायचं, तेव्हा कुठं दिवसाला जेमतेम दोन कॅन भरायचे. त्यातला एक रोज ह्याच्या अंगावर जात होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं आंघोळीला नकार दिला. मुएनीचा चेहरा पडला. "माझं पाणी चांगलं नाही?" तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं. आता हा माणूस सत्यनारायणाच्या कथेलाही घड्याळ बघत बसतो. पण वेळ मारून न्यायला त्यानं ठोकून दिलं, "तसं नाही ताई, माझं व्रत आहे. पंप चालू होईपर्यंत आंघोळ करायची नाही."

व्रत म्हटल्यावर तिला लगेच पटलं. रविवारी तिनं चर्चमध्ये सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. झालं, गावभर बोभाटा!

तेवढ्यात पंप बसवताना कंट्रोलर जळला. नवा नैरोबीहून निघायचा, तर कोरोनामुळे वाहतूक बंद. परदेशी लोकांना घेऊन जाणारं विमान ठरलं, दोघं सहकारी निघालेसुद्धा. गावात कुजबुज सुरू झाली, हा परका रोग आणेल, ह्याला हाकला. मुएनी दारात उभी राहिली. "तो आपल्या पाण्यासाठी व्रत करतोय. माझ्या घरातून कुठंही जाणार नाही."

मी फोनवर अक्षरशः भांडले. "शिरीष, त्या विमानात बस! हे शेवटचं विमान असलं तर?"

"मीनल, व्रत मोडता येत नाही गं."

"खोटं व्रत!"

"सांगितलं तेव्हा खोटं होतं."

आमच्या वैदेहीनं माझ्या हातातून फोन घेतला. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. "बाबा, यू प्रॉमिस्ड देम. स्टे." मी बाल्कनीत जाऊन रडले. बापलेकीचा दोघांचाही संताप आला होता.

एप्रिल संपता संपता धान्याच्या ट्रकमधून नवा कंट्रोलर पोचला. शिरीषनं तो बसवला आणि आम्हाला व्हिडिओ कॉल लावून फोन मुएनीच्या मुलीच्या हातात दिला. पाइपातून आधी लाल गढूळ पाणी उडालं, मग स्वच्छ धार लागली. बायका नाचायला लागल्या. मुएनीनं पहिली बादली भरली आणि ती शिरीषच्या पुढ्यात ठेवली.

"सोड आता व्रत," ती म्हणाली.

शिरीषची दाढी अस्ताव्यस्त वाढलेली, शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता. त्यानं बादली उचलली, चटईच्या आडोशाला नेऊन ठेवली आणि तिला म्हणाला, "आमच्यात व्रत सुटतं तेव्हा पहिली आंघोळ घरच्या बाईची."

असलं काही आमच्यात नाही. कधीच नव्हतं.

मुएनी आत गेली. फोनवर आडोशापलीकडचं काही दिसत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज येत होता आणि तिचं गाणं. शिरीष आडोशाकडे पाठ करून, पारोसाच, राखण करत बसला होता. इतकी वर्षं संसार केला, पण हा माझा नवरा म्हणून जगाला ओरडून सांगावंसं वाटलं ते त्या दिवशी.