शेठजींच्या मोटारीतला अनोळखी पंप

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी त्र्यंबकभाऊजींचं नाव घेतो. त्यांच्या धंद्याला सर्वांत मोठा धोका कोणापासून होता, असं विचारलं तर मला माझंच नाव घ्यावं लागतं.

भाऊजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. शिक्षण चौथी. वरवट बकालला रस्त्याच्या कडेला त्यांचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं शेड, मागं अंगण आणि अंगणापलीकडं घर. आमच्या सोनाळ्याच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. मला ते भाऊजींनी दाखवलं. माझी फी त्यांनी भरली, खोलीचं भाडं त्यांनी भरलं, एवढंच काय, परीक्षेला घातलेली पँटसुद्धा त्यांचीच होती. (कंबरेला सुतळी बांधावी लागे, पण ती सदऱ्याखाली झाकून जाई.) महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, मीही नवा नवा बीएस्सी होतो. राज्याची घडी अजून बसायची होती. माझी मान मात्र ताठ बसूनही गेली होती!

अशा वेळी, ऐन मे महिन्यात, भाऊजींचं कार्ड आलं. ‘ताबडतोब ये. एका मोटारीत एक वस्तू आहे, कोणाला समजत नाही. येताना तुझं फिजिक्स घेऊन ये.’

भानगड अशी होती. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींनी कुठल्याशा संस्थानिकाची लांबलचक परदेशी मोटार विकत घेतली होती. इंजिनाच्या बाजूला दोन नारळ जोडून बसवल्यासारखी एक लोखंडी वस्तू होती. तिला पट्ट्याची चाकी होती, पट्टा तुटलेला होता, आणि तिच्यातून निघालेल्या दोन नळ्या मोटारीच्या पोटाखालून थेट डिकीत गेल्या होत्या. शेठजींनी जाहीर केलं होतं की ही वस्तू काय आहे हे जो मिस्त्री सांगेल, त्याला जिनिंगचे सगळे ट्रक सांभाळायला मिळतील. खामगावचा मिस्त्री म्हणाला, जादा हॉर्न. अकोल्याचा म्हणाला, मोटारीचा तोल राहावा म्हणून घातलेलं वजन. आता पाळी भाऊजींची होती. ट्रक मिळाले तर टिनाच्या शेडचं पक्कं गॅरेज होणार होतं. मी पोचलो त्याच संध्याकाळी शेठजी उत्तर ऐकायला येणार होते.

अंगणात लिंबाखाली मोटार उभी होती. भाऊजींनी बॉनेट उघडलं.

“पाह्य. काय हाये हे?”

मी चष्मा पुसला. खिशातलं पेन काढून त्या वस्तूवर दोनदा वाजवलं. (का, ते आजही सांगता येत नाही.)

“पेट्रोलचा पंप!”

“काऊन?”

“टाकी कुठं आहे? मागं. नळ्या कुठं गेल्या? मागं. संपलं!”

“पण याचा पट्टा तं तुटेल हाये. मंग मोटार खामगावाहून आली कशी?”

मी चष्मा पुन्हा पुसला. बीएस्सी झालेल्या माणसाकडं उत्तर नाही, हे कसं चालेल?

“हा जादाचा पंप आहे,” मी म्हणालो. “चढावावर लागतो.”

भाऊजींनी सभोवती पाहिलं. चार दिशांना सपाट काळं रान पसरलं होतं. पण माझ्या शिक्षणावर त्यांची श्रद्धा एवढी होती की ते फक्त “असंन बाप्पा” म्हणाले आणि पाना उचलला. मी तो त्यांच्या हातातून घेतला.

“मी खोलतो. तुम्ही आधी बिडी विझवा. पेट्रोल येईल!”

शेजारच्या बाजांवर अक्कानं आणि भाऊजींच्या आईनं वर्षभराच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. भाऊजींच्या आईला सगळे मोठीमाय म्हणत. त्या काठी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या. मी नळीचा नट फिरवला.

फुस्स्स्स!

पांढऱ्या धुराचा लोट निघाला. त्याच्यासोबत तेलाची पिचकारी उडाली आणि दोन बाजांवरच्या कुरडया न्हाऊन निघाल्या!

“अवं माय! मोटारीत साप हाये वं!” मोठीमाय काठी घेऊन धावल्या.

“माह्या कुरडया!” अक्का ओरडली.

“बंद कर बे, बंद कर!” भाऊजी ओरडले.

मी भोकावर बोट दाबलं आणि मीही ओरडलो. बोटाला चटका बसला होता, पण नळीवर चक्क पांढरं दहिवर जमलं होतं! बाहेर मेचं ऊन आणि नळीवर बर्फ! त्या क्षणी पुस्तकातला तो धडा आकृतीसकट माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

“भाऊजी, समजलं! हा हवा थंड करायचा पंप आहे! या गॅसनंच मोटारीत थंडी तयार होते!”

फुस्स आवाज बारीक होत होत थांबला. गॅस संपला होता.

“सांगतलं ते बरं केलं,” भाऊजी शांतपणे म्हणाले, “पण मेल्यावर सांगतलं.”

शेठजी आले तेव्हा नळीवरचं दहिवर केव्हाच वाळून गेलं होतं.

“मंग त्र्यंबकराव? काय हाये?”

“थंडीची मशीन हाये शेठजी. पण तिचा गॅस दुपारी आमच्या हातून निघून गेला.” (भाऊजी ‘आमच्या’ म्हणाले. हात माझ्या एकट्याचा होता.)

“मोटारीत थंडी? पुरावा?”

मी फोड आलेलं बोट पुढं केलं.

“हे तं भाजलेलं हाये!”

“थंडीनं भाजलं, शेठजी.”

“थंडीनं भाजते काय बे कोणी?”

मोठीमायनं एक तेलकट कुरडई आणून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्या कुरडईनं पुराव्यात फारशी भर पडली नाही.

मी जिवाच्या आकांतानं आकृती आठवली आणि मागच्या सीटवर चढून पाहिलं. “या पाहा! सीटच्या पाठीमागं दोन जाळ्या आहेत. थंड हवा इथून येते!”

शेठजींचा चेहरा बदलला. “तिथं तं मी रोज उदबत्त्या खोचतो. मले वाटलं, त्यासाठीच बनवल्या हायेत.”

भाऊजी तोवर पुढच्या फळीखाली आडवे झाले होते. “इथं एक बटन हाये,” आतून आवाज आला. “दाबू काय?”

“थांबा! मी सोता पाह्यतो,” म्हणत शेठजी मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी जाळीला तोंड लावलं.

भाऊजींनी बटन दाबलं. डिकीत पंखा घरघरला आणि आजवरच्या सगळ्या उदबत्त्यांची राख एका दमात बाहेर आली!

शेठजी उतरले तेव्हा टोपीपासून धोतरापर्यंत हिमालयातून आल्यासारखे दिसत होते. जिनिंगचे ट्रक एकामागून एक दूर जाताना मला स्पष्ट दिसले.

शेठजी तीनदा खोकले. मग त्यांनी परत आत वाकून जाळीपुढं हात धरला.

“हवा तं येऊन राह्यली बे!” आणि ते हसायला लागले. “त्या दोघायनं मले हॉर्न आन् वजन सांगतलं. तुमी हवा दाखवली, वरून गॅस गेला तेही कबूल केलं. सोमवारपासून ट्रक पाठवतो. शर्त एकच.” त्यांनी माझ्याकडं बोट केलं. “हे बीएस्सी ट्रकाजवळ दिसले नाही पाह्यजेत!”

तसला गॅस आमच्याकडं कुठंच मिळेना, म्हणून शेठजींनी तो पंप भाऊजींनाच देऊन टाकला. नवा पट्टा चढवून भाऊजी त्यावर ट्रकांच्या चाकांत हवा भरू लागले. पुढं पक्कं गॅरेज झालं आणि मी जानेफळच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो. तिथून त्यांना पाठवलेलं हे पत्र:

ती. त्र्यंबकभाऊजींस सा. नमस्कार.

नववीला वायूचा धडा आला. मी तीन दिवस फळ्यावर आकृती काढून शिकवला. चौथ्या दिवशी विचारलं, तर वर्गात कोणालाच कळला नव्हता. खोलीवर येऊन नीट विचार केला, तेव्हा मलाही पुरता कळलेला नाही असं दिसून आलं. हेडमास्तरांची परवानगी काढली आहे. तरी शनिवारी पंप घेऊन शाळेत यावं आणि मुलांना तो खोलून दाखवावा. आपल्या बोलीतच बोलावं. शिक्षण चौथी, हा विचार मनात आणू नये. तुमची ओळख मी ‘माझे सर’ अशीच करून देणार आहे.

मी शेवटच्या बाकावर वही घेऊन बसेन. शंका आली तर हात वर करीन. पान्याला मात्र लावणार नाही.

आपला,
बीएस्सी